खेळाची मगरीब

गेल्या रमजानमधली गोष्ट. तरावीहची नमाज संपवून आम्ही मशिदीबाहेर आलो, तर समोरच्या ओट्यावर पाच-सहा मुले अंधारात बसलेली. ओट्यावर दिवा नव्हता, पण प्रत्येकाचा चेहरा खालून उजळलेला होता. बोटे भराभर फिरत होती. मधूनच कुणीतरी ओरडे, "पीछे देख, पीछे देख!" आणि पुन्हा सगळे चिडीचूप. आमचे वालूर म्हणजे काही शहर नव्हे. परभणी जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातले एक मोठे खेडे. चक्राकार पायऱ्यांच्या जुन्या बारवेमुळे अलीकडे त्याचे नाव थोडेफार बाहेर गेले, एवढेच. पण हातातल्या फोनवर चाललेला खेळ पाहिला तर वालूर आणि मुंबई यांत काही फरक उरलेला नाही.

चपला शोधता शोधता तिथेच वाद सुरू झाला. एक बुजुर्ग म्हणाले, "ये नस्ल हाथ से गई." दुसऱ्यांचे म्हणणे, मोबाईलवरचा खेळ हराम आहे असे उलेमांनी एकदा जाहीर करून टाकावे, म्हणजे विषय संपेल. किराणा दुकानदार म्हणाले, "पोरगं डोळ्यांसमोर बसलेलं तर असतं. बाहेर जाऊन वाईट संगतीला लागण्यापेक्षा बरं." पुण्यात इंजिनिअरिंग शिकणारा एक तरुण म्हणाला, "चाचा, जगात या खेळांच्या स्पर्धा होतात, मोठमोठी बक्षिसे असतात. तुम्ही अजून गोट्यांच्या जमान्यात आहात." मग सगळे आमच्याकडे वळले. मास्टरसाहेब, तुम्हीच सांगा.

आम्ही मास्तराला शोभेल असे उत्तर दिले, "सगळे प्रमाणात असावे." सर्वांनी माना डोलावल्या आणि मंडळी घरोघर गेली. आमचे मात्र समाधान झाले नाही. 'प्रमाणात' या शब्दाने प्रश्न सुटत नाही, फक्त झाकला जातो. हे प्रमाण ठरवायचे कुणी? तराजू कुणाच्या हातात? आणि ज्याच्या हातात तराजू आहे, त्याच्या दुसऱ्या हातात काय आहे? ज्या बुजुर्गांनी पिढी हातची गेली म्हणून सांगितले, ते ओट्याच्या दुसऱ्या टोकाला बसून स्वतःच्या फोनवर चित्रफिती सरकवू लागले होते.

आमच्या असमाधानाचे आणखी एक कारण आहे. ते इथे सांगितलेच पाहिजे, कारण त्यावाचून पुढचे सगळे लिहिणे म्हणजे नुसता उपदेश ठरेल.

वालूरपासून काही अंतरावरच्या एका गावात आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. २०१९ साली आठवीच्या वर्गात एक मुलगा बाकाखाली फोन धरून पबजी खेळताना सापडला. आम्ही फोन घेतला. मुलगा एवढेच म्हणाला, "सर, अम्मी का फोन है." अशी कारणे आम्ही रोज ऐकतो. फोन बंद करून कपाटात ठेवला आणि फर्मावले, "वडिलांना घेऊन ये, मग मिळेल." नियम आमचाच होता. त्याचा आम्हाला अभिमानही होता.

चौथ्या दिवशी सकाळी वडील आले. डोळे लाल, कपडे प्रवासात चुरगळलेले. ते पुण्याला सेंट्रिंगच्या कामावर होते. रोज रात्री नऊला घरी फोन करीत. तीन रात्री फोन लागला नाही. घरात दुसरा फोन नाही, आणि वडिलांचा नंबर त्याच फोनमध्ये. कुणाला पाठ नाही. मुलाने भीतीने आईला खरे सांगितले नव्हते. फोन हरवला म्हणून ती माउली गल्लीभर शोधत होती. तिकडे हा माणूस घरी काय घडले असेल या काळजीने अर्धे काम टाकून रात्रीच्या गाडीत उभ्याने आला. सेलू स्टेशनवर उतरून घर गाठले, तेव्हा सगळे सुखरूप होते. त्यांनी आमच्याशी भांडण केले नाही. फोन खिशात ठेवला आणि म्हणाले, "सर, आपने सही किया. पर एक बार घर पे किसी को बोल देते."

मुलाचा दोष अर्ध्या तासाचा होता. शिक्षा आम्ही सगळ्या घराला तीन रात्रींची दिली. तेव्हापासून खेळ आणि मोबाईल यांचा वाद निघाला की आमच्या मनात आधी हा प्रश्न येतो: मुलाच्या हातातला खेळ काढून घेण्याचा हक्क मोठ्यांना कधी, आणि कशाच्या बदल्यात मिळतो?

आता पहिला मुद्दा घेऊ. खेळ म्हणजे वेळेची नासाडी, असे आपल्याकडे सरसकट मानले जाते. दीनी घरांत तर अधिकच. पण आपली परंपरा याबाबत आपल्याहून उदार आहे. ईदच्या दिवशी हबशी लोक मशिदीत भाल्यांचे खेळ करीत होते आणि हजरत आयशा ते पाहत होत्या, ही हकीकत बुखारीच्या हदीससंग्रहात आहे. पैगंबरसाहेब (स.) त्यांना आडोसा देऊन उभे राहिले आणि आयशांचे मन भरेपर्यंत उभेच राहिले. इमाम गझाली ११११ साली वारले. त्यांनी 'इह्या उलूमुद्दीन'मध्ये मुलांच्या संगोपनाविषयी लिहिताना सांगून ठेवले आहे की मक्तबातून सुटल्यावर मुलाला चांगला खेळ खेळू द्यावा. खेळापासून रोखून सतत अभ्यासाला जुंपले तर त्याचे मन मरते, बुद्धी मंदावते आणि तो अभ्यासातून सुटण्याच्या पळवाटा शोधू लागतो. बी.एड.च्या वर्गात आम्हाला रूसो आणि फ्रोबेल शिकवले गेले. गझालींचे हे म्हणणे आम्हाला पुढे स्वतः वाचताना सापडले.

खेळाला मोकळीक होती, पण अटीही होत्या. जुगार नको, नमाज आणि कर्तव्ये चुकायला नकोत, शिवीगाळ आणि भांडण नको. बुद्धिबळावरून तर फकीहांमध्ये शतकानुशतके वाद चालला. इमाम शाफई यांनी फाशांच्या खेळाइतके कठोर मत बुद्धिबळाविषयी दिले नाही. इतर इमाम अधिक कडक होते. त्याच काळात बगदादच्या अब्बासी दरबारात अस्सूलीसारखा बुद्धिबळपटू नावाजला जात होता. अगदी अलीकडे, २०१६ साली, सौदी अरबच्या मुख्य मुफ्तींनी बुद्धिबळ वेळ आणि पैसा वाया घालवते म्हणून ते निषिद्ध ठरवल्याची चित्रफीत जगभर फिरली. पुढच्याच वर्षी, डिसेंबर २०१७ मध्ये, जलद बुद्धिबळाची जागतिक स्पर्धा रियाधमध्ये भरली. आणि २०२४ साली त्याच रियाधमध्ये व्हिडिओ गेमचा विश्वचषक झाला. खेळांवरचे निवाडे असे बदलत राहतात. अटी मात्र बदललेल्या दिसत नाहीत. म्हणून उलेमांनी एकदा जाहीर करून टाकावे, या मागणीने काही साधेल असे आम्हाला वाटत नाही. खेळाचे नाव काय, यापेक्षा खेळणाऱ्याचे काय होते आहे, हे पाहणे अवघड असते. आणि ते काम फतव्यावर सोपवता येत नाही.

दुसरा मुद्दा. प्रत्येक पिढी पुढच्या पिढीच्या खेळाला नावे ठेवते, असे तो पुण्याचा तरुण म्हणाला. त्यात तथ्य आहे. आमच्या अब्बांना पतंग उडवला म्हणून त्यांच्या वडिलांनी खांबाला बांधले होते. आमच्या लहानपणी कॅरमला जुगाराचा धाकटा भाऊ समजत. परभणीला हजरत तुराबुल हक यांच्या उरुसात मामूंनी आम्हाला ब्रिक गेम घेऊन दिला. हातात मावणारा, करड्या पडद्यावर काळ्या विटा वरून पडणारा. घरात महिनाभर त्यावरून कटकट झाली. तो खेळ मुळात १९८४ साली मॉस्कोत अलेक्सेई पाजित्नोव या संशोधकाने तयार केलेला टेट्रिस. १९८९ साली जपानच्या निन्टेन्डोने गेम बॉय हे खिशातले यंत्र काढले, त्याच्याबरोबर तो जगभर गेला, आणि त्याच्या स्वस्त नकला होत होत आमच्या उरुसातल्या पालापर्यंत आल्या. पुढे सेलूला एका दुकानात टीव्हीला जोडलेल्या यंत्रावर कॅसेट घालून मारियो आणि कॉन्ट्रा खेळायला मिळे, अर्ध्या तासाला दोन रुपये. आम्ही बिघडलो नाही. निदान नोकरीला तरी लागलो.

इथे थांबून 'मग आजची मुलेही बिघडणार नाहीत' असे म्हणणे सोपे आहे. बरेच सुशिक्षित लोक तसे म्हणतातही. पण आम्हाला त्यात एक चूक दिसते.

आमचा प्रत्येक खेळ संपत असे. गोट्या मगरीबच्या अजानपर्यंत. अजान झाली की हातातली गोटी खिशात, पाय घराकडे. त्यावर वाद नसे. पतंग वारा पडला की संपला. ब्रिक गेमचे पेन्सिल सेल उतरले की पडदा फिका होई, आणि नवे सेल घ्यायला पैसे कुठले? दुकानातला खेळ दोन रुपयांनी संपे. घरी कुणाकडे टीव्हीचा गेम आलाच, तर बारा-बारा तासांचे लोडशेडिंग होते. आम्ही काही फार संयमी नव्हतो. आमचा संयम अजान, वारा, सेल आणि वीज मंडळ सांभाळत होते. श्रेय मात्र आज आम्ही स्वतःकडे घेतो आणि मुलांना संयम शिकवायला निघतो.

आजच्या खेळाला मगरीब नाही. २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला, फोन दिवसभर चालतो, आणि डाव हरला की दुसरा डाव काही सेकंदांत समोर येतो. मुलांशी बोलताना एक गोष्ट कळली. थांबणे सर्वांत अवघड जाते ते हरल्यावर. "बस, एक और." हा 'एक और' मुलाच्या मनातून आपोआप उगवलेला नाही. रोज हजेरी लावली तर बक्षीस, चार दिवस चुकवले तर नुकसान, मित्र खेळतो आहे म्हणून सूचना, नशीब आजमावण्याची बंद पेटी, हे सगळे शिकलेल्या माणसांनी विचार करून रचलेले असते. सेलूच्या दुकानदाराला आम्ही दोन रुपये दिले की त्याचा आणि आमचा हिशोब मिटे. पबजी आणि फ्री फायर फुकट मिळाले. मग कमाई कशातून? मूल जास्तीत जास्त वेळ तिथे राहावे आणि कधीतरी डायमंड किंवा बंदुकीचे नवे रूप विकत घ्यावे, यातून. पैसे देऊन नशिबाची पेटी उघडायला लावणे हा जुगारच आहे, असे बेल्जियमने २०१८ साली ठरवले. फकीहांची पहिली अट इथे आपोआप आठवते.

म्हणून तेरा वर्षांच्या मुलाला 'तुझ्यात मनाचा निग्रह नाही' म्हणून दटावणे आम्हाला आता अन्यायाचे वाटते. त्याच्या समोर बसलेला पैलवान कोण आहे, हे आपण पाहतच नाही. कुस्ती लावताना आखाड्यातसुद्धा जोड बघतात.

याचा अर्थ व्यसन ही थाप आहे असे नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली खेळाच्या विकाराला आजारांच्या यादीत स्थान दिले आणि २०२२ पासून ती यादी लागू झाली. पण त्यांची व्याख्या काळजीपूर्वक वाचावी. खेळावरचा ताबा सुटणे, इतर सर्व गोष्टींपेक्षा खेळाला अधिक महत्त्व येणे, नुकसान दिसत असूनही खेळत राहणे, आणि हे सर्व साधारणपणे वर्षभर टिकणे. सुट्टीत दोन दिवस खेळत बसलेला मुलगा या व्याख्येत बसत नाही. आणि जो खरोखर बसतो त्याला फटके नव्हे, डॉक्टर लागतो. आपण मात्र दोघांनाही एकच शब्द लावतो आणि एकच छडी.

तिसरा मुद्दा बंदीचा. २०१९ साली मुंबई उच्च न्यायालयात एका अकरा वर्षांच्या मुलाच्या वतीने पबजीवर बंदीची मागणी करणारी याचिका दाखल झाली. त्याच वर्षी गुजरातमध्ये राजकोट पोलिसांनी हा खेळ बंद केला आणि खेळणाऱ्या काही तरुणांना अटकही झाली. शेवटी २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने ११८ ॲप बंद केले, त्यांत पबजी होता. आमच्या शाळेतल्या शिक्षकांना आनंद झाला. पण कारण मुलांच्या काळजीचे नव्हते, देशाच्या सुरक्षिततेचे होते. खेळ २०२१ साली दुसऱ्या नावाने परत आला, २०२२ च्या जुलैत पुन्हा बंद झाला, २०२३ च्या मे महिन्यात पुन्हा सुरू झाला. चीनने २०२१ साली अठराखालच्या मुलांना आठवड्यात केवळ ३ तास दिले, शुक्रवार ते रविवार, रात्री ८ ते ९. २०२५ च्या ऑगस्टमध्ये आपल्या संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. तो आम्हाला योग्य वाटतो. रमीपायी उठलेली घरे आम्हीही ऐकून आहोत. पण कायदा पैशाचा डाव थांबवील. ओट्यावरच्या मुलांना रात्री किती वाजता उठायचे, हे संसद सांगू शकत नाही.

ते सांगायचे मोठ्यांनी. आणि मोठ्यांची स्थिती काय आहे? असे सांगतात की निन्टेन्डोच्या गुन्पेई योकोई यांना खिशातल्या खेळाची कल्पना सुचली ती आगगाडीत. कंटाळलेला एक नोकरदार माणूस कॅल्क्युलेटरची बटणे दाबत वेळ घालवत होता, ते पाहून. १९८० साली त्यांचे गेम अँड वॉच बाजारात आले. म्हणजे त्यांचा हातातला खेळ सुचला तो थकलेल्या प्रौढासाठी. मुलांकडे तो आमच्या हातून गेला. जुलै २०२५ मध्ये विधान परिषदेत बसलेल्या एका मंत्र्यांच्या मोबाईलवर रमीचा डाव दिसतो, अशी चित्रफीत राज्यभर फिरली. आपण खेळत नव्हतो, आलेली जाहिरात बंद करीत होतो, असे त्यांनी सांगितले. पुढे त्यांचे कृषी खाते काढले गेले आणि त्यांना क्रीडा खाते मिळाले. आमच्या नववीच्या वर्गात यावर जो हशा पिकला तो आम्ही आवरू शकलो नाही. आवरण्याचा हक्क आहे असेही वाटले नाही.

आणि आम्ही शिक्षक? मार्च २०२० मध्ये शाळांना कुलपे लागली. 'शाळा बंद, पण शिक्षण सुरू' अशी घोषणा आली. ज्या वस्तूला आम्ही कपाटात कोंडत होतो, तीच वस्तू मुलांच्या हातात द्या म्हणून आम्ही पालकांना गळ घातली. "काहीही करा, पण पोराला स्मार्टफोन घ्या." काहींनी कर्ज काढले, एका घरात बकरी विकली गेली. अभ्यासाचे व्हिडिओ दहा मिनिटांत संपत. फोन उरलेला दिवसभर हातात राही. शाळा उघडल्यावर आम्ही पुन्हा म्हणालो, "फोन वाईट." मुलांनी आमच्याकडे ज्या नजरेने पाहिले ती नजर आम्ही ओळखतो. ती उद्धटपणाची नव्हती. हिशोब मागणाऱ्याची होती.

या बाबतीत महाराष्ट्रातल्या दोन गावांनी दोन वाटा धरल्या. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसद तालुक्यात बान्सी गावाच्या ग्रामसभेने २०२२ साली अठरा वर्षांखालच्या मुलांना मोबाईलबंदीचा ठराव केला. त्याच वर्षी सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावात रोज संध्याकाळी ७ वाजता भोंगा वाजू लागला. भोंगा झाला की दीड तास घरोघरचे टीव्ही आणि मोबाईल बंद. मुलांचे आणि मोठ्यांचेही. मुले अभ्यासाला बसतात, मोठी माणसे वाचतात, बोलतात. दोन्ही गावांची कळकळ खरी आहे. पण आम्हाला दुसरी वाट अधिक न्याय्य वाटते. पहिल्या वाटेत मोठे लोक हुकूम देतात. दुसरीत तेही हुकुमाखाली येतात. भोंगा ऐकताच आम्हाला वाटले असते, ही तर हरवलेली मगरीब. सर्वांसाठी एकच वेळ, मालकालाही आणि नोकरालाही.

आता अखेरचा मुद्दा, आणि तो आमच्या समाजाला थोडा बोचेल. खेळ काढून घेण्याआधी त्याने मुलांना काय दिले, हे तरी आपण पाहिले का? एकदा आम्ही त्या ओट्यावर मुलांशेजारी जाऊन बसलो. चौघांचा संघ होता. एक वालूरचा, एक जिंतूरचा, एक मानवतचा, एक नांदेडचा. एकमेकांना कधी भेटलेले नाहीत. नावे सगळी टोपणनावे. कोण कुठल्या मोहल्ल्यातला, कुणाचे आडनाव काय, हे कुणी विचारलेले नव्हते. जखमी गड्याला वाचवायला दुसरा धावत होता. आमच्याकडे क्रिकेटचे संघ गल्ल्यांवरून पडतात आणि सामना हरला की कधी कधी गल्ल्यांमध्ये ताण येतो. मैदानावर जे आम्हाला जमले नाही ते त्या खोट्या रणांगणावर अधूनमधून घडत होते. अधूनमधून म्हणतो, कारण त्याच माइकवर घाणेरड्या शिव्याही आम्ही ऐकल्या, आणि जातीधर्मावरून दिलेल्याही. गाव जसे असते तसाच त्याचा खेळ.

आणि मुली? एकदा वर्गात विचारले, मैदानावर शेवटचे कधी खेळलात? मुलांनी काल, परवा सांगितले. मुली एकमेकींकडे पाहू लागल्या. एक जण म्हणाली, "पाँचवी में, सर." पाचवीनंतर ओढणी आली, मग घरकाम आले, मैदान गेले. ते गेले याची कुठल्या पालकसभेत चर्चा झाली नाही. आता या मुली आईच्या फोनवर लुडो खेळतात. नवी मुंबईच्या गेमेशन कंपनीने २०१६ साली आणलेला लुडो किंग टाळेबंदीत घराघरात पोहोचला. आमच्या शेजारच्या घरात दादी, सून आणि दोन नाती अशा चौघी मिळून खेळत. सासू-सुनेला एकत्र हसताना आम्ही त्या घरात तेव्हाच पहिल्यांदा ऐकले. त्या मुलीच्या हातून तो फोन ओढून 'वेळ वाया घालवू नकोस' म्हणणाऱ्याने आधी सांगावे, तिच्यासाठी त्याने कुठले मैदान राखून ठेवले आहे?

तर आमच्या प्रश्नाचे आम्हाला सापडलेले उत्तर असे. खेळ काढून घेण्याचा हक्क आपोआप मिळत नाही. तो कमवावा लागतो. मुलाच्या शेजारी बसून त्याचा खेळ एकदा तरी पाहिला असेल, जो नियम त्याला लावतो तोच स्वतःला लावला असेल, आणि काढून घेतलेल्या वेळेत त्याला द्यायला आपल्याकडे काही असेल, एखादी गोष्ट, एखादे मैदान, निदान आपली सोबत, तर आपण हात पुढे करावा. हजरत आयशांच्या हकीकतीत आम्हाला सर्वांत मोठी वाटते ती परवानगी नव्हे. त्यांचे मन भरेपर्यंत कुणीतरी शेजारी उभे होते, हे मोठे वाटते.

हे सगळे आम्हाला साधले आहे असे नाही. आमच्या घरी सहा वर्षांचा मुलगा आहे. आम्ही वह्या तपासत असलो की त्याच्या हाती फोन देतो, म्हणजे तो गप्प बसतो. तेव्हा कुठला गझाली आठवत नाही.

शाळेत मात्र एक बदल केला आहे. फोन सापडला तर अजूनही घेतो. वर्गात खेळ चालणार नाही, यावर आम्ही ठाम आहोत. पण घेतलेला फोन बंद करीत नाही. मुलाला आधी विचारतो, हा कुणाचा आहे, आणि यावर कुणाचा फोन यायचा आहे? ते वहीत लिहितो. त्याच कप्प्यात आमचाही फोन ठेवतो. पहिल्या आठवड्यात एका तासात चार वेळा आमचा हात रिकाम्या खिशाकडे गेला. पुढच्या बाकावरच्या मुली मोजत होत्या. आणि शाळा सुटायच्या आधी सर्व फोन परत. दुसऱ्या दिवसावर काही ठेवत नाही, कारण रात्री नऊ वाजता कुठल्या तरी गावाहून कुणाचे तरी अब्बा नंबर फिरवणार असतात.